छंदातून चरितार्थ : आवडत्या खेळाभोवती उभ्या राहिलेल्या व्यवसायांची पार्श्वभूमी

मनोरंजनासाठी खेळल्या जाणाऱ्या खेळावर उपजीविका करण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्पर्धा, बक्षिसांच्या रकमा आणि जाहिरातींचे करार येतात. या व्यवसायांची मुळे मात्र तिथे नाहीत. गिर्यारोहण, गोल्फ, स्कीइंग, सर्फिंग किंवा स्कूबा डायव्हिंग यांपैकी कोणत्याही खेळाचा मागोवा घेतला, तर त्यातून नियमित कमाई करणारी पहिली माणसे वाट दाखवणारी, शिकवणारी, साहित्य घडवणारी किंवा मैदान राखणारी होती असे आढळते. नवख्या माणसाला खेळात सुखरूप आणि आनंदाने उतरवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळाले. उत्तम खेळण्याची किंमत त्यानंतर बऱ्याच काळाने ठरू लागली.

या दृष्टीने आल्प्समधील शामोनी गावाचा इतिहास सर्वांत बोलका आहे. 8 ऑगस्ट 1786 रोजी मिशेल-गाब्रिएल पाकार हा डॉक्टर आणि झाक बाल्मा हा डोंगरात स्फटिक शोधणारा माणूस आल्प्समधील सर्वोच्च अशा माँ ब्लाँच्या शिखरावर प्रथम पोहोचले, आणि त्यानंतर हौशी प्रवाशांचा ओघ सुरू झाला. या प्रवाशांना वर नेणारे वाटाडे म्हणजे त्याच खोऱ्यातील शिकारी आणि स्फटिक गोळा करणारे शेतकरी होते. 1820 मध्ये डॉ. हामेल यांच्या मोहिमेवर हिमकडा कोसळून तीन वाटाडे मरण पावले आणि त्यांच्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न गावापुढे उभा राहिला. पुढच्याच वर्षी, 1821 मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली. काम पाळीपाळीने वाटून द्यावे आणि संकटात सापडलेल्या कुटुंबांसाठी मदतनिधी ठेवावा, असे तिचे स्वरूप होते. पाळीच्या नियमामुळे गिऱ्हाइकाला हवा तो वाटाड्या निवडता येत नसे, आणि अनुभवी इंग्रज गिर्यारोहकांनी त्याबद्दल पुष्कळ तक्रारी केल्या. तरीही मला हा नियम महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वांत कुशल माणसाबरोबर इतरांच्या घरीही चूल पेटली पाहिजे, असा विचार त्यामागे होता. डोंगरावरचा धोका रोजगाराचा भाग झाला की त्याची जबाबदारी एकट्या वाटाड्यावर टाकता येत नाही, हे त्या गावाने लवकर ओळखले.

गोल्फमध्ये हीच वाटचाल कारागिरीतून झाली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्याच्या काळातील श्रेष्ठ खेळाडू मानला जाई, पण त्याचे घर चाले ते पिसे भरून चामड्याचे चेंडू शिवण्यावर. टॉम मॉरिस त्याच्याच कारखान्यात हे काम शिकला. 1848 च्या सुमारास गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचे, स्वस्त आणि टिकाऊ चेंडू आले, तेव्हा पिसांच्या चेंडूवर जगणाऱ्या रॉबर्टसनला ते नकोसे वाटले आणि याच कारणावरून दोघे दुरावले. 1851 मध्ये मॉरिस प्रेस्टविकला मैदानाचा राखणदार म्हणून गेला. त्याच मैदानावर 1860 मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली. तिच्यात आठ व्यावसायिक उतरले. विजेत्या विली पार्कला मानाचा पट्टा मिळाला, रोख रक्कम मिळाली नाही. गवत राखणे, काठ्या दुरुस्त करणे, चेंडू विकणे, सभासदांना शिकवणे आणि अधूनमधून पैज लावून सामने खेळणे, या सर्व कामांची गोळाबेरीज म्हणजे त्या काळातील व्यावसायिक गोल्फपटूचे उत्पन्न होते.

या माणसांच्या कौशल्याला मागणी होती, पण त्यांना प्रतिष्ठा नव्हती. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे पैसा आणि मोकळा वेळ होता त्यांनी हौशीपणाचे नियम घडवले, आणि रोइंगसारख्या खेळात तर हाताने कष्टाचे काम करणारा माणूस, मग तो खेळाचे पैसे घेवो वा न घेवो, हौशी मानला जात नसे. पैसा खेळ भ्रष्ट करतो, असे तत्त्व पुढे केले जाई, पण प्रत्यक्षात कोणाबरोबर खेळायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हे त्यातून ठरत होते. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणाऱ्या जिम थॉर्पची पदके दुसऱ्याच वर्षी काढून घेण्यात आली, कारण ऑलिंपिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंसाठी होते आणि त्याने पूर्वी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. त्या दोन स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव 2022 मध्ये पुन्हा नोंदले गेले, तोवर त्याच्या मृत्यूलाही अनेक दशके लोटली होती. गोल्फमधील व्यावसायिकांना तर क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवण्यासही मनाई असे. 1920 च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबने आपले दालन त्यांना खुले केले, तेव्हा कृतज्ञता म्हणून खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबला एक मोठे घड्याळ भेट दिले.

याच काळात किनाऱ्यांवर आणि बर्फावर दोन वेगळे प्रयोग चालले होते. हवाईमध्ये जन्मलेला जॉर्ज फ्रीथ 1907 मध्ये कॅलिफोर्नियात आला आणि रेल्वेमालक हेन्री हंटिंग्टनने त्याला रेडोंडो बीचवर लाटांवरचे कौशल्य दाखवण्यासाठी पैसे देऊन ठेवले, जेणेकरून लोक गाडीने समुद्रावर येतील. खेळाडूचा जाहिरातीसाठी असा वापर तेव्हा नवा होता. फ्रीथने मात्र स्वतःचे खरे काम जीवरक्षणात शोधले. त्याने तरुणांना पोहणे आणि बचावकार्य शिकवले, आणि डिसेंबर 1908 मध्ये कॅलिफोर्नियातील व्हेनिसच्या किनाऱ्यावर वादळात अडकलेल्या मच्छिमारांना वाचवले, ज्याबद्दल त्याला अमेरिकेचे जीवरक्षणाचे सुवर्णपदक मिळाले. 1919 मध्ये फ्लूच्या साथीत तो ऐन उमेदीत गेला. लाटांवरची त्याची प्रात्यक्षिके लोकांना अधिक आठवतात, पण किनाऱ्यावर पगारी जीवरक्षक असावा ही कल्पना रुजवणारे त्याचे काम अधिक मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन येथे 1907 मध्येच एका हॉटेलने हान्नेस श्नायडर या तरुणाला पाहुण्यांसाठी स्की शिक्षक म्हणून नेमले. त्याने शिकवण्याची पायऱ्यापायऱ्यांची रीत बसवली: आधी वेग आवरणे, मग साधे वळण, मग वेगातले वळण, आणि शिकणाऱ्यांचे त्यांच्या तयारीनुसार गट. तोवर खेळ शिकणे हे एखाद्या जाणकाराच्या मर्जीवर असे. आता ठरलेला क्रम शिकलेला कोणीही शिक्षक दुसऱ्याच्या गटाला पुढे नेऊ शकत होता. स्की शिक्षकाचा पेशा खऱ्या अर्थाने इथे जन्मला. 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाल्यावर श्नायडरला अटक झाली, आणि 1939 मध्ये तो अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरला जाऊन तिथे शिकवू लागला. त्याची पद्धत त्याच्या आधीच, त्याच्या शिष्यांबरोबर, समुद्र ओलांडून गेली होती.

स्कूबा डायव्हिंगने हाच धागा आणखी पुढे नेला. झाक-ईव्ह कुस्तो आणि एमील गान्यान यांनी 1943 मध्ये श्वसनयंत्र तयार केल्यानंतर सामान्य माणसाला पाण्याखाली मोकळे फिरणे शक्य झाले, पण अज्ञानाने जीव जाण्याची शक्यताही तितकीच वाढली. साधा श्वास रोखून वर येण्याने फुप्फुस फाटू शकते, हे शिकवल्याशिवाय कोणाला कळणार नाही. म्हणून प्रशिक्षणाचे दाखले देणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांपैकी ‘पाडी’ ही संस्था 1966 मध्ये जॉन क्रोनिन या साहित्यविक्रेत्याने आणि राल्फ एरिक्सन या पोहण्याच्या शिक्षकाने सुरू केली, आणि संस्थापकांची ही जोडीच या व्यवसायाचे स्वरूप सांगून जाते. प्रशिक्षण छोट्या टप्प्यांत विभागले गेले आणि दाखला दूरदूरच्या किनाऱ्यांवर ग्राह्य धरला जाऊ लागला, त्यामुळे प्रशिक्षकाला देशोदेशी काम मिळू लागले. याची दुसरी बाजू अशी की आवडीपोटी या पेशात येणारे जितके वाढतात, तितके त्यांचे वेतन रोडावते.

साहित्य घडवून जगणाऱ्यांच्या परंपरेत इव्हॉन शुइनार्डचे उदाहरण वेगळे ठरते. 1957 मध्ये या तरुण प्रस्तरारोहकाने जुनी भट्टी विकत घेतली, लोहारकाम स्वतः शिकला आणि कड्याच्या भेगेत ठोकायचे पिटॉन बनवून आपल्या गाडीतून दीड डॉलरला एक या भावाने विकू लागला. 1970 पर्यंत त्याचा उद्योग अमेरिकेतील प्रस्तरारोहण साहित्याचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला. पण पिटॉन पुन्हापुन्हा ठोकल्याने आणि उपसल्याने कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यातील कड्यांच्या भेगा फुटत होत्या, आणि ज्या खडकावर त्याचे प्रेम होते त्याचीच हानी त्याच्या मालामुळे होत होती. 1972 च्या सूचीपत्रात त्याने हातोड्याशिवाय भेगेत बसवता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाचरींचा, म्हणजे चोकचा, पुरस्कार केला आणि आपल्या मुख्य उत्पादनाकडे पाठ फिरवली. खेळावर जगणाऱ्याने खेळाच्या जागेचे काय देणे लागते, हा प्रश्न त्याने कमाई पणाला लावून सोडवला, म्हणून या इतिहासात त्याला मी फार वरचे स्थान देतो.

बक्षिसांवर जगणे अनेकांना शक्य झाले ते दूरचित्रवाणीचा पैसा आल्यावर. 1968 मध्ये टेनिसच्या प्रमुख स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्पर्धा खेळत फिरणारे गोल्फपटू क्लबमध्ये शिकवणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेतून बाहेर पडले, कारण प्रक्षेपणाच्या रकमेवर कोणाचा हक्क, यावर एकमत होईना. मॉरिसच्या काळात एकाच माणसात सामावलेली दोन कामे तिथे कायमची वेगळी झाली. 1976 मध्ये सर्फिंगचीही जागतिक व्यावसायिक मालिका सुरू झाली. अशा मालिकांवर जगणारे कोणत्याही काळी मोजकेच राहिले आहेत. शिक्षक, वाटाडे, जीवरक्षक आणि कारागीर यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट आहे.

पूर्वी अस्तित्वातच नसलेली कामेही अजून जन्माला येत आहेत. 1987 मध्ये सिएटलला अमेरिकेतील पहिली व्यावसायिक बंदिस्त आरोहणभिंत सुरू झाली, आणि तिच्यासारख्या भिंती वाढल्या तसा त्यांवर मार्ग आखणारा नवा कसबी वर्ग तयार झाला. भिंतीवर हात-पाय टेकवण्यासाठी लावलेल्या पकडी काढणे, धुणे, नव्याने बसवणे, प्रत्येक मार्ग स्वतः चढून त्याची काठिण्यपातळी ठरवणे आणि ठरावीक काळाने सारे पुन्हा बदलणे, असे हे अंगमेहनतीचे आणि कल्पकतेचे काम आहे. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रस्तरारोहणाचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा तिथल्या भिंतींवरील अवघड मार्गही याच पेशातील माणसांनी आखले होते; एरवी त्यांचा बराच वेळ पहिल्यांदाच भिंतीला हात लावणाऱ्यांसाठी सोपे मार्ग बसवण्यात जातो.