अंतर चुकीचं पण रस्ता बरोबर दाखवणारा नकाशा

जपानमधे ओसाका ते क्योतो अशी केइहान नावाची विजेवरची रेल्वे १५ एप्रिल १९१० ला सुरू झाली, आणि १९१३ मधे त्या कंपनीने योशिदा हात्सुसाबुरो नावाच्या तरुण चित्रकाराकडून प्रवाशांसाठी एक नकाशा काढून घेतला. उडत्या पक्ष्याला दिसावा तसा सगळा प्रदेश, योदो नदी, डोंगर, देवळं आणि मधून जाणारी रेल्वे. पुढच्या वर्षी युवराज हिरोहितो याच रेल्वेने गेले, त्यांनी तो नकाशा बघून सुंदर आहे, समजायला सोपा आहे असं कौतुक केलं आणि हात्सुसाबुरोला जन्मभराचं काम मिळालं. नंतर त्याने शिष्यांना हाताशी घेऊन असे हजाराहून जास्त नकाशे काढले.

आता मुळात ही रेल्वे काय प्रकारची होती ते बघू, कारण नकाशा तसा का आहे ते त्यातच आहे. दोन शहरांमधे सरकारी वाफेची गाडी १८७७ पासूनच होती, नदीच्या उजव्या काठाने. केइहान आली डाव्या काठाने, जुन्या हमरस्त्यावरच्या गावांना धरून, ट्रामच्या कायद्याखाली परवानगी काढून, त्यामुळे मार्गात वळणंच वळणं. पण विजेच्या गाडीला जवळजवळची स्टेशनं परवडतात. तिची मोटर डब्याखालीच असते, आणि त्या काळच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या) सिरीज मोटरचा जोर गाडी उभी असतानाच सगळ्यात जास्त असतो, म्हणून थांबली तरी ती झटकन वेग घेते.

लाइनला व्होल्टेज होतं फक्त ६०० व्होल्ट डीसी. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढीच ताकद द्यायला करंट जास्त लागतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर नुकसान चौपट. म्हणून वाटेत ठिकठिकाणी सबस्टेशन, म्हणजे लाइनला वीज पुरवणारी केंद्रं, बांधावी लागतात. (केइहानने १५०० व्होल्ट केले ते थेट १९८३ मधे.) हा सगळा खर्च डबे भरलेले असोत की रिकामे, व्हायचाच. त्यामुळे रविवारची, सणाची गर्दी कंपनीला हवीच असायची. हिराकाता इथे शेवंतीच्या फुलांच्या बाहुल्यांचं प्रदर्शन केइहानने भरवलं ते यासाठीच, आणि फुकट वाटायचे घडीचे नकाशे पण यासाठीच. म्हणून त्यात देवळं, बागा, फुलांची ठिकाणं मोठी दिसतात आणि भातशेतीची लांबलचक पट्टी आक्रसून जाते.

पुढच्या १०-१५ वर्षांत हात्सुसाबुरोची पद्धत पक्की झाली. कागद घडीचा, उघडला की लांबच लांब पट्टी, आणि ज्या कंपनीचा नकाशा तिची लाइन जाड लाल रेघेने मधोमध जवळजवळ सरळ. खरी लाइन कितीही वळणांची असू दे. मधला भाग उंचावरून तिरपं बघितल्यासारखा आणि डावी-उजवी टोकं वर वळवलेली, जणू बघणाऱ्याने प्रत्येक टोकाला मान फिरवली. खऱ्या पर्स्पेक्टिव्हमधे डोळा एकाच जागी असतो, इथे तो पट्टीभर सरकत जातो. स्केल प्रत्येक इंचाला बदलतं, पट्टी ठेवून अंतर मोजायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

पण मग काय टिकतं? स्टेशनांचा क्रम टिकतो, कुठली लाइन कुठे फुटते ते टिकतं, नदी कुठल्या हाताला आहे ते टिकतं. ताणलं-आवळलं तरी न बदलणाऱ्या अशाच गोष्टींचं गणित म्हणजे टोपॉलॉजी, आणि गाडीत बसलेल्या माणसाला नेमकं एवढंच लागतं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकचा प्रसिद्ध नकाशा १९३३ मधे छापला गेला, त्यात पण हेच तत्त्व. बेकने थेम्स सोडून बाकी भूगोल जवळपास काढूनच टाकला, हात्सुसाबुरोने डोंगर ठेवले, आणि मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण खिडकीतून डोंगर दिसला की आपण कुठे आलो ते कळतं.

सगळ्यात धाडसी जागा म्हणजे क्षितिज. तिथे फुजी पर्वत बऱ्याचदा असतो, नकाशा लांबच्या प्रदेशाचा असला तरी. हिशोब करून बघा: उंची मीटरमधे घेऊन तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते येतं. फुजी ३७७६ मीटर, म्हणजे त्याचं टोक समुद्रसपाटीवरून जास्तीत जास्त २१९ किमीवरून दिसेल. ओसाकापासून तो साधारण ३०३ किमी, म्हणजे ८४ किमी उरले, आणि तेवढं क्षितिज मिळायला ओसाकावर साडेपाचशे मीटर वर गेलं की, मधे डोंगर आडवे आले नाहीत तर, टोक दिसायला हवं. म्हणजे फुजी अगदीच अशक्य नाही. पण काही नकाशांत त्याने कडेला सॅन फ्रान्सिस्को पण लिहिलंय! इतक्या लांबचं दिसायला वरचं सूत्र चालत नाही, पृथ्वीचा पूर्ण गोल धरावा लागतो, आणि तसा धरला तर ओसाकावर लागणारी उंची येते २३ हजार किमीच्या वर.

क्योतोच्या निचिबुनकेन या संशोधन संस्थेने त्याचे बरेच नकाशे ऑनलाइन ठेवलेत, झूम करून बघता येतात. एखादा उघडा, लाल रेघेवरची तीन स्टेशनं निवडा आणि त्यांच्यातली अंतरं आजच्या नकाशाशी ताडून बघा, कुठला भाग त्याने ताणला आणि कुठला आवळला ते लगेच दिसेल.