कॉफीच्या काउंटरवरचं न दिसणारं भांडवल

कॉफीच्या दुकानाच्या हिशेबात यंत्र, ग्राइंडर, भाडं, पगार सगळं येतं. जमलेले संबंध मात्र कुठल्याच रकान्यात येत नाहीत. समाजशास्त्रात त्यांना सामाजिक भांडवल म्हणतात. ओळख, विश्वास आणि अडीनडीला मदत मिळेल ही खात्री, एवढं त्यात येतं.

यात जवळच्या मैत्रीपेक्षा जुजबी ओळखी जास्त कामाच्या ठरतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. लंडनमधल्या एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस कप्तान, व्यापारी आणि जहाजांच्या विम्याची जोखीम घेणारे एकत्र बसत. लॉइड्सचा विमा बाजार त्यातूनच उभा राहिला.

अशी ओळख काउंटरवर होते, आणि तिथे वेळ मोजकाच असतो. १८ ग्रॅम पूड यंत्राच्या बास्केटमध्ये, म्हणजे जाळीच्या वाटीत, सारखी पसरून दाबताना बोलू नये. थर एका बाजूला पातळ राहिला तर पाणी तिथूनच वाट काढतं आणि कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडू लागते. दूध तापवतानाही लक्ष हवं. ७० अंशांपुढे त्याचा गोडवा जातो. बोलायची खरी वेळ शॉट, म्हणजे यंत्राच्या दाबाने निघणारी दाट एस्प्रेसो कॉफी, कपात उतरतानाची, २५ ते ३० सेकंदांची. यंत्र इतकं उंच असेल की त्यामागे चेहराच दिसत नाही, तर तीही वाया जाते. म्हणून दुकान मांडतानाच यंत्र बाजूला घ्यावं.

पुरवठादाराशी विश्वासाचं नातं असेल तर तो कॉफीच्या बिया भाजल्याची खरी तारीख सांगतो. एस्प्रेसोसाठी हे फार महत्त्वाचं आहे. परवाच भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे फेस फार येतो आणि पाणी पुडीतून सारखं जात नाही.

हे भांडवल उलटतंही. नेहमीच्यांचाच कंपू जमला की नवा माणूस दारातूनच परततो. मोठ्या टेबलावरच्या काही खुर्च्या एकट्या येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या तर फरक पडतो.

सगळ्यात मोठी गळती मात्र कर्मचारी सोडून जाताना होते, कारण ग्राहकांची ओळख दुकानाशी कमी आणि त्या माणसाशी जास्त असते. निदान शेवटचे दोन आठवडे जुन्या आणि नव्या माणसाला एकाच पाळीत ठेवावं, आणि जुन्याने नेहमीच्या ग्राहकांशी नव्याची नावानिशी ओळख करून द्यावी.