फळी फुगते ती आडवी

‘इतकं महागाचं सागवान घातलं, तरी पहिल्याच पावसात फुगलं! मिस्त्रीनं हलका माल वापरला असणार.’ इंदूरच्या जुन्या वाड्यांमध्ये कुणी लाकडी गॅलरीच्या फळ्या बदलल्या, की आषाढ-श्रावणात हे हमखास ऐकू येतं. बऱ्याचदा माल चोख असतो. चुकलेला असतो तो महिना. काम काढलेलं असतं मे महिन्यात, आणि फळ्या बसवलेल्या असतात एकमेकींना घट्ट भिडवून, कारण फट दिसली की मालक कुरकुरतो.

लाकूड कापलं, वाळवलं, रंधलं, तरी हवेशी त्याचा व्यवहार चालूच राहतो. ते हवेतली वाफ घेतं आणि परत देतं. माळव्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्यातला ओलावा कोरड्या वजनाच्या 4-5 टक्क्यांवर येतो. भर पावसाळ्यात तो 16-17 टक्क्यांपर्यंत चढतो.

हे पाणी नेमकं बसतं कुठे? लाकडाची पेशी म्हणजे एक लांबुळकी नळी. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि त्यातले बहुतेक खोडाच्या लांबीच्या दिशेनं पडलेले असतात. सेल्युलोजच्या रेणूवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाण्याचा रेणू त्यांना हायड्रोजन बंधानं चिकटतो आणि दोन धाग्यांच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारतो. धागे बाजूला सरकतात, लांब होत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. साधारण 30 टक्के ओलाव्याला भिंतीतल्या जागा भरतात. त्यापुढचं पाणी नळीच्या पोकळीत साठतं आणि फुगणं थांबतं.

रुंदीतही एक भानगड आहे. खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींच्या पट्ट्या त्या दिशेची हालचाल रोखून धरतात. त्यामुळे ओलं सागवान पूर्ण वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं साधारण 5 टक्के आक्रसतं, तर त्यांना काटकोनात सुमारे निम्मंच. आता हिशेब करा. वर्तुळांना स्पर्शून कापलेली 150 मिलिमीटर रुंदीची फळी मे ते ऑगस्टमध्ये 2 टक्के, म्हणजे 3 मिलिमीटर फुगते. अशा 10 फळ्या शेजारी शेजारी असतील तर 3 सेंटिमीटर. दोन्हीकडे भिंत असेल तर ही जागा आणायची कुठून? फळ्या कमान करून वर उचलतात, खिळ्यांसकट.

फळीचा वरचा भाग उन्हानं वाळला आणि खालचा अंधारात ओलाच राहिला, तर खालची बाजू जास्त पसरते. कडा वर येतात, मध्ये खोलगट होतं, आणि पुढच्या सरीचं पाणी नेमकं तिथेच साचतं. फक्त वरून ऑइलपेंट फासला की हा दोष वाढतो. ‘लाइफटाइम वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जाणारे लेपही वाफेची ये-जा मंदावतात, बंद करत नाहीत.

राहता राहिलं कुजणं. लाकूड पाण्यानं कुजत नाही, बुरशीनं कुजतं. ओलावा 20 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशीचं चालत नाही, आणि कायम पाण्याखाली बुडालेल्या लाकडात तिला प्राणवायू मिळत नाही. तिला सोयीचा असतो तो मधला प्रकार: भिंतीत गेलेलं फळीचं टोक. नळ्यांची तोंडं तिथे उघडी असल्यानं टोक पाणी कित्येक पटींनी जोरात ओढतं. वाळवीलाही आवडतं ते सालीलगतचं फिकट लाकूड. गाभ्यातल्या लाकडात तिला न मानवणारी रसायनं असतात. अमावस्येला तोडलेल्या झाडाला कीड लागत नाही असं सांगणारे अजून भेटतात. वाळवी पंचांग बघत नाही. फळी घेताना तुम्ही तिची फिकट कड तेवढी बघा.

म्हणून दुरुस्तीला बसताना आधी टोच्या घेऊन टोकं तपासा. तो सहज आत गेला तर तेवढाच भाग पुढच्या कडीपर्यंत, म्हणजे फळ्यांना खालून आधार देणाऱ्या लाकडापर्यंत, कापा, अख्खी गॅलरी उपटू नका. कडीला बाजूनं एक पट्टी ठोकली की नव्या तुकड्याला टेकायला जागा होते. कापलेल्या टोकाला रंगाचे दोन हात आधीच द्या, एकदा बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. खालून हवा खेळू द्या. लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू वापरा. लोखंड गंजतं आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं.

उन्हाळ्यात काम काढलं तर दोन फळ्यांमध्ये 3 मिलिमीटर फट सोडायला सांगा. श्रावणात काढलं तर खुशाल भिडवून बसवा. फट मे महिन्यात आपोआप पडते.