क्षेत्रीय भूशास्त्रातील हस्तसंगणक व नकाशाप्रणाली (मराठवाडा)

टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा सरकारी नकाशा), डायरी, होकायंत्र व नतिमापक (थरांचा उतार मोजणारे साधन) यांची कामे हातात मावणाऱ्या एकाच यंत्रावर करून खडकांची जागेवर नोंद घेण्याची पद्धत. पूर्वी यासाठी पाम किंवा पॉकेट पीसी हे छोटे हस्तसंगणक वापरत. आता साधा स्मार्टफोन किंवा टॅब चालतो. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारे स्थान नकाशावर नेमके टेकू लागले. त्यानंतरच ही पद्धत रुळली.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टने (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाने) व्यापला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाप्रवाह जवळजवळ आडवे पडलेले आहेत, त्यामुळे नती (थराचा उतार) मोजून फारसे हाती लागत नाही. (देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट व नाइस हे वेगळे खडक उघडे पडतात, तिथली गोष्ट वेगळी.) इथे विचारायचा प्रश्न एकच : एक प्रवाह संपून दुसरा सुरू होतो ती सीमा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे? काळा पाषाण, त्यावर मऊ मांजऱ्या (सच्छिद्र बेसॉल्ट), मग गेरूचा (लाल मातकट थराचा) पट्टा, असा क्रम दिसला की सीमा सापडली. काळ्या मातीखाली दडलेला हा क्रम पाहायला विहिरीसारखी जागा नाही. नाल्याची कड, खाण आणि रस्त्याचे कटिंग त्यानंतर.

पण उंची हीच या यंत्रांची दुखरी बाजू. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि मराठवाड्यात समुद्रसपाटीचा पृष्ठ त्या लंबगोलाच्या साधारण साठ ते ऐंशी मीटर खाली आहे. समजा, विहिरीचा काठ ५६० मीटरच्या समोच्च रेषेवर (नकाशावरील समान उंचीच्या रेषेवर) आहे. हा फरक दुरुस्त करणारे ॲप ५६०च्या आसपास आकडा दाखवेल, न करणारे ४९०. दोघांनी दोन ॲप वापरले, तर गेरूचा एकच पट्टा नकाशावर दोन पट्टे होऊन बसतो, आणि मधे नसलेले प्रवाह उगवतात. म्हणून सकाळी निघतानाच टोपोशीटवरील एखाद्या ज्ञात उंचीच्या जागी फोन ताडून पाहावा. विहिरीत मात्र काठावरून टेप सोडून खोली मोजणे उत्तम. तिथे उपग्रहाची गरज नाही.

जुनी टोपोशीट स्कॅन करून वापरताना आणखी एक घोळ होतो. ती एव्हरेस्ट नावाच्या जुन्या लंबगोलावर बेतलेली असते, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या लंबगोलावर. रूपांतर विसरले की बिंदू शे-दीडशे मीटर सरकतो आणि ओढ्यातली नोंद शेजारच्या उसात जाते.

फोनच्या होकायंत्रावर बेसॉल्टमध्ये विसंबू नये. त्यातील मॅग्नेटाइट सुई भरकटवते. वीज पडलेल्या माथ्यावर तर ब्रंटन हे भूशास्त्रज्ञांचे होकायंत्रही फसते.

नकाशासाठी क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली (२००२ पासून) व त्याचा फोनवरचा सोबती क्यूफील्ड हे मोफत असल्याने सोयीचे. उपग्रहचित्रे इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरही पाहता येतात. डोंगरात रेंज नसते, म्हणून थर, समोच्च रेषा व चित्रे आदल्या रात्रीच फोनमध्ये भरून ठेवावीत. खडकाचे नाव दरवेळी टंकण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय केली की ‘मांजऱ्या’ची चार स्पेलिंगे होत नाहीत.

डायरी मात्र अजून झोळीतच असते. मे महिन्यात दुपारी फोन तापून बंद पडतो, उन्हात काच वाचता येत नाही, आणि विहिरीच्या भिंतीचे रेखाटन पेन्सिलीनेच भराभर उतरते.