स्ट्रॅडिव्हेरियसचा आवाज वार्निशात नाही

वादनाकडून व्हायोलिन बनवण्याकडे वळणारे बरेच जण आधी वार्निशाच्या बाटल्या जमवतात. इटलीतल्या क्रेमोनाचा व्हायोलिन बनवणारा अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी (मृत्यू १७३७), ज्याच्या वाद्यांना स्ट्रॅडिव्हेरियस म्हणतात, त्याचं गुपित वार्निशात होतं, हा समज काही जात नाही.

त्याच्या पाच वाद्यांच्या वार्निशाची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सापडलं काय? सुकणारं तेल, राळ आणि चित्रकार वापरत तसली लाल रंगद्रव्यं. वार्निशाने लाकूड टिकतं, दिसतं देखणं. पण थर जाड झाला की व्हायोलिनची लाकडी पाटी जड होते आणि आवाज दबतो.

आवाज घडतो तो पाट्यांच्या जाडीत. स्प्रूस लाकडाची वरची पाटी साधारण २.५ ते ३ मिमी. मेपलची खालची मध्यभागी ४ ते ४.५, कडेला त्याहून पातळ. नवखे वादक ‘मोकळा’ आवाज हवा म्हणून वरची पाटी जास्त तासतात. मग आवाज पोकळ होतो आणि तारांच्या दाबाने पाटी खचू लागते. तासलेलं लाकूड परत येत नाही. साउंडपोस्ट, म्हणजे दोन पाट्यांच्या मधे उभा असलेला छोटा लाकडी दांडा, मात्र हलवता येतो: तारा पेलणाऱ्या ब्रिजच्या ई तारेकडच्या (सर्वात उंच स्वराच्या तारेकडच्या) पायामागे २-३ मिमीवर तो उभा असतो, अर्धा मिमी सरकला तरी फरक कळतो. वादकाचा कान खरा उपयोगी पडतो तो इथे.

शिवाय आज वाजणाऱ्या बहुतेक स्ट्रॅडिव्हेरियसची मान आणि आतला बासबार (वरच्या पाटीला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) नंतर बदललेले आहेत. २०१२ मध्ये पॅरिसजवळ, वाद्य कोणतं ते ओळखू येऊ नये म्हणून गडद गॉगल लावून दहा नामांकित वादकांनी जुनी-नवी व्हायोलिनं वाजवली; सहा जणांनी नवं निवडलं.