जॅकी एस्टाकाडो एक नव्हे, दोन आहेत

‘द डार्कनेस’ हे कॉमिक आणि त्यावरून बनलेला व्हिडिओ गेम यांविषयी बोलताना एकच घोटाळा वारंवार कानी येतो: जॅकी एस्टाकाडोची प्रेयसी जेनी मारली गेली, त्या दुःखातून त्याच्यात अंधाराची शक्ती जागी झाली आणि मग तो सूडाला निघाला. हे कॉमिकबाबत खरे नाही आणि गेमबाबतही खरे नाही. दोन्हीकडे शक्ती जागी होते ती जॅकीच्या एकविसाव्या वाढदिवशी, आणि ती वारसाहक्काने येते. गेममध्ये तर जेनी तेव्हा जिवंत असते, केक कापायला त्याची वाट पाहत असते. तरीही कारण आणि परिणाम यांची उलटापालट करून ‘मूळ कथा’ म्हणून तीच गोष्ट सांगितली जाते, याचा मला मनापासून त्रास होतो.

गेम तुम्ही खेळला असेल असे धरून चालतो, म्हणून त्याची ओळख थोडक्यात देतो. स्वीडनच्या स्टारब्रीझने तो बनवला, 2007 मध्ये तो प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 वर आला, आणि जॅकीच्या अंगात वसणाऱ्या, त्याच्याशी बोलणाऱ्या अंधाराला आवाज दिला गायक माइक पॅटन यांनी. पीसीवर तो आलाच नाही. त्यामुळे पीसीवर खेळणाऱ्यांपैकी अनेकांची ओळख थेट 2012 च्या दुसऱ्या भागापासून होते. त्या भागाच्या आरंभी जॅकीचा सहकारी जॉनी पॉवेल मागची हकीकत सांगतो, आणि ती हकीकत म्हणजेच कॉमिक, असे समजून लोक पुढे निघतात. ती पहिल्या गेमची हकीकत आहे, कॉमिकची नव्हे.

कॉमिक त्याच्या अकरा वर्षे आधीचे. मार्क सिल्वेस्ट्री, गार्थ एनिस आणि डेव्हिड वोल यांनी निर्माण केलेला जॅकी 1996 मध्ये टॉप काउ या प्रकाशनसंस्थेच्या ‘विचब्लेड’ या कॉमिकमध्ये प्रथम दिसला आणि त्याच वर्षी त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तो अनाथाश्रमातून फ्रांकेटी या माफिया टोळीत आलेला भाडोत्री मारेकरी आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो बायकांच्या मागे लागणारा, कुणाशीही बांधील नसलेला तरुण आहे. हा स्वभाव केवळ रंगत आणण्यासाठी दिलेला नाही. त्याच्यावरच कथेचा सारा डोलारा उभा आहे.

कारण कॉमिकमधल्या वारशाला एक भयंकर नियम आहे. अंधार बापाकडून अपत्याकडे जातो, पण बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, तर अपत्याची गर्भधारणा होते त्या क्षणी. आणि त्याच क्षणी बाप मरतो. म्हणजे ज्याच्या हाती जगातली जवळपास कोणतीही गोष्ट निर्माण करण्याची ताकद आली, त्याला नेमकी एकच गोष्ट निर्माण करता येत नाही. स्त्रीसंगाशिवाय दुसरे काही न सुचणाऱ्या माणसाला स्त्रीला स्पर्श करण्याची भीती बसावी, ही ती शिक्षा. या नियमाचा आणखी एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो: अंधाराचा कोणताही वाहक आपले मूल पाहत नाही आणि कोणत्याही वारसाला बापाकडून काही शिकता येत नाही. जॅकीचे पोरकेपण हा योगायोग नाही; शक्तीच्या स्वरूपातच ते लिहिलेले आहे. पुढे 2007 मध्ये ‘विचब्लेड’ची नायिका सारा पेझिनी हिच्या पोटी त्याला होप ही मुलगी झाली आणि तरीही तो वाचला, त्या घटनेचा धक्काही हा नियम ठाऊक असणाऱ्यालाच बसतो.

गेमने हा नियम बाजूला ठेवला. वारसा ठेवला, एकविसावे वर्ष ठेवले, पण संयमाची अट कथेच्या केंद्रातून काढली. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण एखादी गोष्ट न करणे खेळाडूच्या हाती देता येत नाही. त्याला पाहायचे असते, चालायचे असते, वाचवायचे असते. म्हणून गेमचा जॅकी एकनिष्ठ झाला. जेनीच्या नव्या घरी कोचावर तिच्याशेजारी बसून टीव्हीवरचा जुना कृष्णधवल चित्रपट पूर्ण पाहता येतो, आणि तो पाहण्याची सक्ती मात्र कुणी करत नाही. पुढे अनाथाश्रमात टोळीचा म्होरक्या अंकल पॉली तिला ठार मारतो तेव्हा अंधार जॅकीला जागीच जखडून ठेवतो. कॉमिकमध्ये अंधार जॅकीची इच्छा हिरावतो. गेममध्ये तो त्याची कृती हिरावतो. कॉमिकच्या जॅकीला शिकवणारे कुणी नसते. गेममध्ये पहिल्या महायुद्धाच्या खंदकांसारख्या परलोकात त्याला अँथनी एस्टाकाडो हा पूर्वजच भेटतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कॉमिकमध्ये टोळीचा म्होरक्या फ्रँकी आहे, गेममध्ये पॉली. कॉमिकमध्ये अंधाराचे चिलखत जॅकीच्या अंगभर चढते, तर गेममध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सर्पमुखे डोकावतात. दुसऱ्या गेममध्ये डार्कलिंग, म्हणजे अंधारातून निघणारा जॅकीचा छोटा राक्षसी मदतनीस, एकच उरतो आणि ब्रिटिश ध्वजाचा सदरा घालतो. प्रकाशाचे वैर मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

‘गेम कॉमिकशी प्रामाणिक नाही’ ही तक्रारही मला पटत नाही. कॉमिकचे अनेक अंक लिहिणाऱ्या पॉल जेन्किन्स यांचाच हात गेमच्या लेखनात होता; त्यामुळे हा बदल अज्ञानातून झालेला नाही. कल्पना म्हणून मला कॉमिकचा नियम अधिक थोर वाटतो, पण परिणाम म्हणून गेममधला तो कोच. ज्यांनी केवळ गेम खेळला आहे त्यांनी एनिस यांनी लिहिलेल्या पहिल्या सहा अंकांपासून सुरुवात करावी, आणि त्यात गेममधल्या जेनीचा शोध घेऊ नये.