सेकंदाचे किती तुकडे? : रेसिंग सिम्युलेटरच्या अपडेटांची पार्श्वभूमी

मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरची, म्हणजे खऱ्या गाडीचे वागणे संगणकावर हुबेहूब उभे करणाऱ्या खेळाची, नवी आवृत्ती आली की खेळाडू आधी नवी गाडी किंवा नवा ट्रॅक उघडून बघत असेल, असे बाहेरच्याला वाटते. मुरलेला खेळाडू तसे करत नाही. तो आपला रोजचाच ट्रॅक आणि रोजचीच गाडी निवडतो, पुढे तीस गाड्यांची गर्दी दिसावी म्हणून मुद्दाम शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करतो आणि पहिल्या वळणात शिरताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रे निघतात त्याच्या, आकड्यावर नजर ठेवतो. आकडा कालच्याइतकाच राहिला तरच नव्या गोष्टींकडे वळायचे, असा जणू रिवाजच पडून गेला आहे. हा रिवाज का पडला, हे समजून घ्यायचे तर सिम्युलेटर आतून कसा चालतो आणि गेल्या चार दशकांत त्याच्या कर्त्यांनी कोणत्या अडचणीशी झगडा केला, हे पाहावे लागते.

सिम्युलेटरमध्ये दोन कामे सतत जोडीने चालतात. एक काम गणिताचे: चारही टायरांवर किती भार आहे, ते किती घसरत आहेत, सस्पेन्शन किती दबले आहे, इंजिन किती जोर लावते आहे, याचा हिशेब करून गाडी पुढच्या क्षणी कुठे असेल ते ठरवणे. दुसरे काम चित्राचे: जे ठरले ते पडद्यावर काढून दाखवणे. चित्र उशिरा आले तर डोळ्याला झटका बसतो. गणित उशिरा झाले किंवा फार मोठ्या टप्प्यांनी झाले तर मात्र गाडीच खोटी वागू लागते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर अंतर कापते. तिचे गणित सेकंदाला ६० वेळा केले तर दोन हिशेबांच्या मध्ये जवळजवळ एक मीटर रस्ता निसटून जातो आणि वळणाच्या कडेचा रंगवलेला उंचवटा (कर्ब) टायरला नीट लागतच नाही. ३६० वेळा केले तर हेच अंतर सुमारे १५ सेंटिमीटरवर येते. म्हणून गणिताचे तुकडे बारीक हवेत आणि चित्रांची संख्याही भरपूर हवी. पण दोघांनाही वाटून द्यायला सेकंद एकच असतो. या क्षेत्रातले बहुतेक महत्त्वाचे अपडेट म्हणजे त्या एका सेकंदाची नव्याने केलेली वाटणी होय.

या वाटणीचा विचार अगदी सुरुवातीपासून करणारा माणूस म्हणजे ब्रिटनचे जेफ क्रॅमंड. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ‘रेव्ह्ज’ हा फॉर्म्युला थ्री गाड्यांचा खेळ तयार केला. त्या संगणकाचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा आणि स्मृती ३२ किलोबाइटची होती. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही एवढी जागा पुरत नाही. तेवढ्यात त्यांनी सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक चढउतारांसह बसवला आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या विंगचा, म्हणजे हवेच्या दाबाने गाडीला रस्त्याशी धरून ठेवणाऱ्या पंखाचा, कोन बदलण्याची सोयही दिली. पुढे चार ट्रॅकांची जोड स्वतंत्रपणे विकायला आली. आज ज्याला आपण डीएलसी (खेळासाठी वेगळी विकली जाणारी पुरवणी) म्हणतो, त्याचे हे फार जुने रूप.

क्रॅमंड यांचे ‘फॉर्म्युला वन ग्रां प्री’ १९९१ साली आणि ‘ग्रां प्री २’ १९९६ साली आले. या दुसऱ्या सिम्युलेटरमधली एक सोय मला आजही विलक्षण वाटते. गाडी चालवताना कळफलकावरचे ‘ओ’ हे अक्षर दाबले की पडद्यावर प्रोसेसरवर किती टक्के भार पडला आहे तो आकडा दिसत असे. खेळाडूने फ्रेम रेट स्वतः ठरवायचा, कमाल सेकंदाला २५.६ चित्रे, आणि मग तो आपल्या यंत्राला पेलतो का ते या आकड्यावरून बघायचे. मोनॅकोच्या इमारतींमधून सव्वीस गाड्या एकदम निघाल्या की आकडा झपाट्याने चढायचा. तो १०० च्या पुढे गेला की सिम्युलेटर चित्रे गाळत नसे. तो काळच हळू करत असे. गाडी, प्रतिस्पर्धी, लॅपचे घड्याळ, सगळेच एकत्र मंदावायचे. पडद्यावरच्या घड्याळात लॅपची वेळ नेहमीसारखीच दिसायची, पण भिंतीवरच्या घड्याळात तीच लॅप जास्त वेळ चाललेली असायची, आणि खेळाडूला प्रत्येक वळणासाठी विचार करायला जादा अवधी मिळालेला असायचा.

म्हणजे परफॉर्मन्सची जुळवणी हा तिथे केवळ देखणेपणाचा प्रश्न नव्हता. संगणकाला न पेलणाऱ्या सेटिंग्जवर काढलेली लॅपची वेळ खरी मानता येत नसे. आकाशाचा पोत, गवताचा पोत, आरशातले तपशील हे एकेक करून बंद करायचे, पुन्हा ट्रॅकवर जायचे, पुन्हा ‘ओ’ दाबायचे आणि आकडा शंभराच्या आत आणायचा, हा त्या पिढीच्या खेळाडूंचा नित्यक्रम होता. गाडीच्या विंगचे कोन जितक्या काळजीने जुळवायचे, तितक्याच काळजीने संगणकही जुळवायचा, ही सवय तिथे लागली.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांच्या पॅपिरस कंपनीने त्याच पेचाला वेगळे उत्तर शोधले. १९८९ साली त्यांचे ‘इंडियानापोलिस ५००’ आले, तेव्हाच ३३ गाड्यांची पूर्ण शर्यत आणि गाडीचा तपशीलवार सेटअप, म्हणजे तिच्या भागांची जुळवणी, त्यात होता. मात्र खरा टप्पा १९९८ च्या ‘ग्रां प्री लेजेंड्स’चा. १९६७ च्या मोसमातल्या विंग नसलेल्या, अरुंद टायरांच्या, अतिशय चंचल गाड्या त्यात होत्या आणि जवळपास २३ किलोमीटरचा जुना न्यूर्बुर्गरिंगही होता. तिथे गणित सेकंदाला २८८ वेळा चालत असे आणि चित्रे जास्तीत जास्त ३६. २८८ ला ३६ ने बरोबर आठदा भाग जातो. म्हणजे प्रत्येक चित्रामागे गणिताच्या आठ पायऱ्या. इथे गणिताचा मान पहिला होता. संगणक दमला तर चित्रे कमी व्हायची. गाडीचा काळ मात्र ठरल्याप्रमाणेच पुढे सरकायचा.

हा बदल होण्याचे एक ठोस कारण होते, ते म्हणजे इंटरनेटवरच्या शर्यती. एकटा खेळाडू आपल्या घरात काळ हळू करू शकतो. दहा जण दहा शहरांतून एकाच ट्रॅकवर उतरले की कोणा एकाच्या यंत्रासाठी बाकीच्यांचा काळ थांबवता येत नाही. घड्याळ सर्वांचे एकच ठेवावे लागते, आणि ज्याचे यंत्र मागे पडते त्याने चित्रांचा त्याग करायचा, असाच नियम उरतो. आजचे सगळे गंभीर सिम्युलेटर याच नियमावर उभे आहेत.

‘लेजेंड्स’ला त्याच्या काळाने फारसा न्याय दिला नाही, असे माझे मत आहे. पूर्ण गाड्यांच्या गर्दीत ३६ चित्रे टिकवणे त्या वेळच्या चांगल्या संगणकालाही जड जात असे, आणि थ्रीडीएफएक्सच्या वूडूसारखे ग्राफिक्स कार्ड (चित्रे काढण्याचे काम करणारे यंत्र) ज्यांच्याकडे नव्हते त्यांना ते पाहवत नसे. पुढे यंत्रे वेगवान झाली तेव्हा उलटीच अडचण आली: यंत्र कितीही दमदार असले तरी सिम्युलेटर ३६ च्या पुढे जाईना. कंपनीचे काम थांबल्यावर, मूळ कोड हाती नसताना, चाहत्यांनी ती मर्यादा ६० पर्यंत नेणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीची छोटी जोड, तयार केला. हे वाटते तितके सोपे नाही. २८८ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही. चित्रांचा वेग वाढवायचा तर गणिताच्या पायरीलाही हात लावावा लागतो, आणि पायरी बदलली की गाडीचे वागणे, थोडे का होईना, बदलण्याचा धोका असतो. ज्या सिम्युलेटरची सगळी प्रतिष्ठा गाडीच्या वागण्यावर उभी आहे, तिथे हे काम किती जपून करावे लागले असेल याची कल्पना येते.

पॅपिरसचे शेवटचे सिम्युलेटर २००३ साली आले. केमर यांनी २००४ साली उद्योगपती जॉन हेन्री यांच्यासोबत आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या सेवेची स्थापना केली आणि २००८ मध्ये ती सेवा खुली झाली. अपडेटांच्या इतिहासात या घटनेला वेगळे स्थान आहे. तोवर सिम्युलेटर डब्यातून विकला जायचा. चुका निघाल्या तर एखाददुसरा पॅच यायचा, तोही मासिकासोबतच्या सीडीवर किंवा मोडेमवरून तासन् तास उतरवून घ्यावा लागायचा, आणि मग कंपनी पुढच्या खेळाकडे वळायची. आयरेसिंगने वर्गणी घेतली आणि बारा आठवड्यांचा एक मोसम, असे वर्षाला चार मोसम ठरवले. दोन मोसमांच्या मधल्या आठवड्यात नवी आवृत्ती येते. एकाच सिम्युलेटरचे काम वर्षानुवर्षे चालू राहू लागले. तिथे गणित सेकंदाला ३६० वेळा चालते, म्हणजे ६० चित्रांच्या सहापट, आणि ट्रॅक लेसरने मोजून घेतलेले असतात.

मात्र सतत चालणाऱ्या कामाची किंमतही सतत मोजावी लागते. २०११ पासून तिथे टायरचे नवे गणित टप्प्याटप्प्याने आणले गेले. त्यात रबराचे तापणे आणि घसरणे अधिक बारकाईने मोजले जाऊ लागले, आणि त्यासोबत खेळाडूंनी महिनोन् महिने जमवलेले गाडीचे सेटअप जुने झाले. मार्च २०२४ मध्ये पाऊस आला. तिथला पाऊस म्हणजे काचेवरचे थेंब एवढेच नाही. ट्रॅकवर पाणी कुठे साचते, उतारावरून कुठे वाहते आणि गाड्यांच्या चाकांनी कुठली रेषा कोरडी होते, याचा हिशेब शर्यतभर चालतो. असा प्रत्येक हिशेब प्रोसेसरच्या त्याच सेकंदातून वेळ मागतो. म्हणून आयरेसिंगच्या पडद्यावरही प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती वेळ खात आहेत हे दाखवणाऱ्या लहान पट्ट्या आहेत. ‘ओ’ दाबून दिसणाऱ्या आकड्याचीच ती पुढची पिढी म्हणता येईल.

मिशिगनमधल्या इमेज स्पेस इनकॉर्पोरेटेड या कंपनीने २००५ साली ‘आरफॅक्टर’ आणले आणि ते चाहत्यांना बदल करण्यासाठी मोकळे ठेवले, त्यामुळे गाड्या आणि ट्रॅक यांचा पूर लोटला. त्याच्या दुसऱ्या अवताराचे काम २०१६ मध्ये स्टुडिओ ३९७ कडे गेले आणि २०१७ मध्ये त्यात डायरेक्टएक्स ११ (चित्रे काढण्याची नवी प्रणाली) आणि व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळण्याची सोय) आले. व्हीआरने जुळवणीचे निकष कडक केले. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे आणि तीही सेकंदाला ९० वेळा. म्हणजे प्रत्येक जोडीला जेमतेम ११ मिलिसेकंद. पडद्यावर फ्रेम घसरली तर खेळाडू चुकतो. हेडसेटमध्ये घसरली तर त्याला मळमळते.

इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी या स्टुडिओची कहाणी या सगळ्यात मला सर्वांत बोधक वाटते. रोमजवळच्या वाल्लेलुंगा या खऱ्याखुऱ्या ट्रॅकच्या आवारात त्यांचे काम चालत आले. ‘असेट्टो कोर्सा’ नोव्हेंबर २०१३ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीला आले आणि डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण झाले. त्याचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा सॉफ्टवेअरचा सांगाडा, घरचे होते. पुढच्या ‘असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने’साठी त्यांनी चित्राचे काम अनरियल इंजिन ४ या बाहेरच्या तयार इंजिनकडे दिले आणि गणित मात्र स्वतःकडे ठेवले. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरुवातीची आवृत्ती आणि मे २०१९ मध्ये पूर्ण आवृत्ती आली. रात्र, पाऊस, ओल्या रस्त्यावरची दिव्यांची चमक, हे सगळे देखणे झाले. पण सर्वसाधारण खेळांसाठी घडवलेले इंजिन शर्यतीला सहज मानवत नाही. शर्यतीत लांबवरचा ब्रेकिंगचा फलक स्वच्छ दिसावा लागतो, आरशासाठी मागचे दृश्य पुन्हा काढावे लागते, आणि तीस गाड्या एकाच वेळी समोर असतात. पुढची कितीतरी अपडेटे या तडजोडीवरच खर्ची पडली. नोव्हेंबर २०२१ च्या १.८ आवृत्तीत डीएलएसएस आणि एफएसआर आले, म्हणजे लहान चित्र काढून ते हुशारीने मोठे करण्याची सोय. तर २०२३ च्या १.९ आवृत्तीत टायरचा रस्त्याशी संपर्क पाच बिंदूंवर मोजण्याची पद्धत आली. एका अपडेटने वाचवलेला वेळ दुसऱ्याने कामाला लावला, असे या दोन्हींकडे पाहिले तर दिसते.

मी स्वतः त्या काळात सेटिंग्जच्या यादीशी बरेच झगडलो. प्रेक्षक काढले, सावल्या साध्या केल्या, दिसणाऱ्या गाड्यांची संख्या कमी केली. आरसे बंद केल्यास बराच भार हलका होतो हे ठाऊक असूनही ते कधी बंद केले नाहीत, कारण मागून येणाऱ्याला जागा देणे हा शर्यतीतला शिष्टाचार आहे आणि मागचा दिसलाच नाही तर तो पाळणार कसा? चित्राचा सुबकपणा आणि शर्यतीला लागणारी माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जुळवणीत लवकर कळते.

ग्राफिक्स कार्डे वर्षागणिक दमदार होत गेली तरी अडचण हटली नाही, कारण अनेकदा घोडे अडते ते प्रोसेसरवर. गाडीच्या गणितात एक पायरी पुरी झाल्याखेरीज पुढची सुरू करता येत नाही, त्यामुळे ते प्रोसेसरच्या सोळा कोअरमध्ये (एकाच वेळी काम करणाऱ्या भागांत) वाटून देणे फार अवघड असते. म्हणूनच एप्रिल २०२२ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीने ९६ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) असलेला ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला, तेव्हा सिम्युलेटर खेळणाऱ्यांनी त्याचे विशेष स्वागत केले. लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी शेजारी राहिली की मुख्य स्मृतीपर्यंतच्या फेऱ्या वाचतात, आणि तीस गाड्यांच्या गर्दीत ही बचत थेट जाणवते.

१६ जानेवारी २०२५ रोजी कुनोसचे ‘असेट्टो कोर्सा ईव्हीओ’ पुन्हा अपूर्ण अवस्थेतच खुले झाले, आणि या वेळी स्टुडिओ अनरियल सोडून स्वतःच्या नव्या इंजिनकडे परतला होता. गणित आणि चित्र पुन्हा एकाच घरात आले आहेत, आणि खेळाडू पुन्हा शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करून पहिल्या वळणातला आकडा टिपून ठेवत आहेत.